आत्यानं राखून ठेवलेल्या जागा

माझी आत्या मला एकही जागा पूर्ण न दाखवता गेली.

आज तारखेनं वर्ष झालं. तिथीनं मागच्याच आठवड्यात मुखेडला आत्याच्या घरी वर्षश्राद्ध झालं, पण मला तिथीबिथी कळत नाही. माझ्या डोक्यात आजचीच तारीख बसलीय.

कमल आत्या. पप्पांची मोठी बहीण, एसटीत कंडक्टर. पप्पा तिला अक्का म्हणायचे आणि आख्ख्या जगात फक्त तिलाच घाबरायचे.

आम्ही राहतो लातूरला. इथं लोक पोरांना डॉक्टर करायला पाठवतात, फिरायला कुणी येत नाही. क्लासमधली बाहेरून आलेली एक मुलगी मला म्हणाली होती, "तुमच्याकडं बघण्यासारखं आहे तरी काय?"

मी विषयच बदलून टाकला. लई राग आला होता, जास्त स्वतःचाच.

घरी आत्या आली होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रविवारी सुट्टी हाय मला. चल, दाखवते."

तिथून आमच्या ट्रिपा सुरू झाल्या. आत्या, मी, माझा लहान भाऊ ओम्या आणि धपाट्यांचा डबा. गाडी कायम लालपरी. ड्यूटी नसली तरी ही बाई बसमध्ये सगळ्यांना "पुढं सरका, पुढं जागा हाय" म्हणणारच. आम्ही दोघं तोंड लपवून बसायचो.

पावसाळ्यात सहस्रकुंडला गेलो. पैनगंगा अशी कोसळत होती की शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागत होतं. माझा चष्मा आपोआप धुऊन निघाला. पलीकडच्या काठावरून धबधबा अजून भारी दिसतो म्हणून ओम्या हट्टाला पेटला.

आत्या म्हणाली, "पलीकडचा राहू दे. पुढच्या येळेला."

कंधारच्या किल्ल्यात सगळं फिरलो. तो पाण्यानं भरलेला खंदक ओलांडून आत शिरताना मोहिमेवर निघाल्याचा फील येतो, खरंच. फक्त मागचा एक बुरूज सोडला.

"त्यो राहू दे."

खरोशाला लेण्यांत शिरलो. बाहेर ऊन मरणाचं आणि आत गारेगार. टॉर्च लावून आम्ही एकेक मूर्ती बघितली, हाका मारून मारून घसा बसवला. डोंगरावर देवीचं देऊळ होतं, खालून दिसत होतं. मला वाटलं, आता तरी ही नाही म्हणणार नाही.

"देवी कुठं पळून चाललीय का?" आत्या म्हणाली. "राहू दे."

मग माझं डोकं फिरलं. "आत्या, काऊन असं करतीस? दर वेळी अर्धवटच!"

तिनं डबा उघडून माझ्यापुढं धरला. आत एक धपाटं होतं.

"हे बघ. पिठाचा डबा असू दे न्हाईतर भाकरीची दुरडी, तळ दिसू देत न्हाईत. थोडं राखलं की बरकत ऱ्हाती. जागेचं बी तसंच हाय पोरी. समदं बघून टाकलं की पाय पुन्हा तिकडं वळत न्हाईत."

आमच्याकडं घरोघरी हे पाळतात. पण फिरण्याला लावणारी मी तरी ती एकटीच बघितली.

गेल्या वर्षी सकाळी ड्यूटीला निघताना तिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं सगळं.

पप्पा रडले नाहीत. चिडले.

तेराव्याला आईनं सवयीनं दुरडीत एक पोळी राखली, तर पप्पा म्हणाले, "काढ ती. राखून राखून काय झालं? आली का अक्का परत?"

त्यानंतर घरात कुणी ट्रिपचं नाव काढलं नाही. मी एकदा विषय काढला तर पप्पा ताटावरून उठून गेले. आत्याबरोबर आमचं फिरणंही कायमचं गेलं असं मी धरून चालले होते. आणि खरं सांगू, पप्पांचं म्हणणं मलाही पटायला लागलं होतं.

आज सकाळी पप्पांनी दुकान उघडलंच नाही.

"शाळेला दांडी मारा. खरोशाला जायचंय. आज समदं बघून टाकू, काहीच राहू द्यायचं न्हाई. एकदाचं संपू दे."

आईनं तवा ठेवला आणि धपाटी लावली.

पप्पा लेण्यांत थांबलेच नाहीत. तरातरा डोंगर चढत गेले, वर कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखे. आम्ही धापा टाकत मागं.

देवीचं दर्शन घेतलं. बाहेर वारा सुटला होता. खाली सगळीकडं हिरवं सोयाबीन आणि लांब रस्त्यावर एक लाल एसटी चालली होती.

ओम्या म्हणाला, "आत्याची गाडी."

पप्पा तिथंच पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मीही रडले. ओम्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

मग आम्ही धपाटी खाल्ली. दह्यासोबत, लसणाची चटणी लावून.

देवळाच्या मागून एक पायवाट डोंगराच्या पलीकडं उतरत होती. ओम्यानं विचारलं, "पप्पा, तिकडं काय हाय?"

पप्पांनी चपला घातल्या, पायवाटेपर्यंत गेले आणि थांबले.

"राहू दे," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना, समदं बघायचं?" ओम्या म्हणाला.

"पुन्हा येऊ की."

डब्यात एक धपाटं उरलं होतं. पप्पांनी त्यावर झाकण लावलं आणि डबा सॅकमध्ये ठेवला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला विचारलं, "कंधारचा कंचा बुरूज राहिलाय गं?"

"मागचा."

"दिवाळीच्या सुट्टीत जाऊ."

तर मित्रमैत्रिणींनो, आमच्याकडं बघण्यासारखं लई आहे. सहस्रकुंडला जा, कंधारला जा, खरोशाला जा. धपाटी न्या. आणि येताना एखादी जागा मागं ठेवून या.

आत्या, तुझं खरं होतं. राखलं की परत येणं होतं. तू नाही आलीस, पण आम्ही गेलो.

निरोप घेते. सगळा नाही, थोडा राखलाय.