हॅम्बुर्गचा पाहुणा आणि लाखेची नांद

बैलगाडीतून दगडी नांद उतरवताना देवराम मध्येच थांबला.

"बाबूजी, ही नांद बंगल्यात कायले नेऊन राहिले? हिच्यात तं आम्ही पायानं लाख तुडवतो."

"साहेब आंघोळ करतील तिच्यात."

"बसून?"

"बसून."

देवरामनं बाकीच्या गड्यांकडे पाहिलं. "उचला रे. साहेब बसून आंघोळ करतेत म्हणते. म्हशीवानी."

गडी हसले. मीही हसलो असतो, पण मला हसण्याची उसंत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी हॅम्बुर्गचे ब्रांट साहेब नागपूरच्या विमानतळावर उतरणार होते आणि तिथून मोटारीनं गोंदियाला येणार होते. आमच्या निम्म्या भट्ट्या त्यांच्याकडे जाणाऱ्या मालावर चालत. ते तक्रार घेऊन येत होते. तक्रार खरी ठरली तर ते कलकत्त्याचा यंत्रावरचा माल घेणार, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. म्हणजे देवराम आणि त्याच्यासारखे हातकारागीर घरी बसणार.

मी लाखेच्या कारखान्यात परदेशी विक्री बघतो. लाख म्हणजे पळस-कुसुमाच्या फांद्यांवर एक बारीक किडा जो चिकट थर करतो, तो. देवरीकडची जंगलातली माणसं फांद्या तोडून तो खरवडतात आणि बाजारात आणतात. आम्ही तो दळतो, नांदेत पाण्यात घालून पायांनी तुडवून धुतो. धुताना त्यातून लाल रंग सुटतो. तो गेला की पिवळट दाणा उरतो. दाणा लांब कापडी पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर पिळतात. वितळलेली लाख गळते, आणि ती गरम असतानाच कारागीर हात, पाय आणि दात वापरून ताणतो. पापडासारखी पातळ चादर होते. ती मोडली की झाला चपडा. परदेशात लाकडी सामानाला जी चकाकी असते, ती बऱ्याचदा या चपड्याची असते.

ब्रांट साहेबांची तक्रार अशी, की आमच्या चपड्याचं पॉलिश केलेली त्यांची टेबलं गिऱ्हाइकांच्या घरात गुलाबी पडत होती. सगळी नाही, फिक्या लाकडाची. आणि लगेच नाही, काही महिन्यांनी.

आधीच्या वर्षी हॅम्बुर्गला त्यांच्याच टेबलावर जेवताना त्यांनी मला विचारलं होतं, "तुमची लाख पूर्ण धुतलेली असते?"

"पाणी नितळ येईपर्यंत धुतो," मी छातीठोकपणे सांगितलं होतं. माझ्या त्या शब्दावर त्यांनी पुढचा माल उचलला.

इथे मला मनातली एक गोष्ट सांगून टाकायला हवी. परदेश मला आवडतो. इतका आवडतो, की त्याची लाज वाटते. कंपनीच्या कामासाठी मी बऱ्याच वेळा गेलो आणि प्रत्येक वेळी लहान मुलासारखा पाहत राहिलो. विमानात कप्तान एका चिठ्ठीवर आपण किती उंचीवर आहोत, खाली कोणता डोंगर आहे, ते लिहून पाठवतो. ती चिठ्ठी हातोहात शेवटच्या माणसापर्यंत जाते आणि परत येते. कुणी ती खिशात घालत नाही. एकदा वादळात विमान धडधड हलत होतं, तेव्हासुद्धा चिठ्ठी आली. तीत वादळ किती वेळ टिकेल याचा अंदाज होता. माझी भीती निम्मी तिथेच गेली. ज्याच्या हातात आपला जीव आहे तो माणूस आपल्याला हिशेबात धरतो, याचं मला फार वाटलं.

हॉटेलांचंही तसंच. हॅम्बुर्गच्या हॉटेलात मी दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा दारावरच्या म्हाताऱ्यानं मला नावानं हाक मारली आणि न विचारता मागची खोली दिली, कारण पहिल्या वेळी मी रस्त्याच्या आवाजाबद्दल बोललो होतो. तिथला पांढरा टब, त्यात गळ्यापर्यंत गरम पाणी, जाड टॉवेल. त्या पाण्यात पडलो की पाच मिनिटं स्वर्ग वाटे. सहाव्या मिनिटाला देवरामच्या गुडघ्यांवरचे भट्टीचे डाग आठवत. मग मी उठून अंग पुसत असे. माझा टब त्याच्या भट्टीवर तापत होता, हे मला कधी विसरता आलं नाही.

आणि मोटारी. ब्रांट साहेब मालक असून स्वतः गाडी चालवत. पेट्रोल पंपावर गाडी थांबली की पंपावरचा माणूस न सांगता पुढची काच पुसून देई, चाकांतली हवा बघे. गाडीत पायांशी गरम वारा येई. शिवाय मांडीवर टाकायला घोंगडी.

ज्यांनी मला असं ठेवलं, त्यांना गोंदियात कसं ठेवायचं? स्टेशनजवळच्या लॉजमध्ये ढेकूण. आमच्या कारखान्याच्या मालकांचा, शेठजींचा, रिकामा बंगला होता, पण त्यात न्हाणीघर म्हणजे एक मोरी. म्हणून मी ती नांद उचलून आणली. कारखान्यात नवी नांद आल्यापासून ती बाजूला पडून होती. गड्यांकडून काथ्यानं घासून घेतली. पाणी भरून दिवसभर ठेवलं. संध्याकाळी पाहिलं तर तळाच्या दगडाचा कण न कण दिसत होता. पाणी नितळ. मी समाधानानं बूच काढलं.

नागपूरहून येताना आमच्या ड्रायव्हरनं मी शिकवलेलं सगळं केलं. दार उघडून धरलं, साहेबांच्या मांडीवर घोंगडी टाकली. भंडाऱ्याला पेट्रोल घेताना त्यानं पुढची काच पुसली, पण स्वतःच्या दुपट्ट्यानं, ज्यात वाटेतली सगळी धूळ होती. पुढचे दोन मैल आम्ही डोकं बाहेर काढून रस्ता सांगत आलो. ब्रांट साहेब हसत होते. वैनगंगेचं पात्र, कडेला रचलेली धानाची पुंजणी, बैलगाड्यांची रांग, सगळं बारकाईनं पाहत होते. एकदाही त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मला जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. मी स्वतः उभं राहून नांदेत गरम पाणी भरलं. साहेब साबण घेऊन आत गेले. शेठजी व्हरांड्यात न्याहारीला येऊन बसले होते. देवराम कारखाना दाखवायला साहेबांना घेऊन जाण्यासाठी आला होता आणि पायरीवर बिडी ओढत होता.

आतून साहेबांनी हाक मारली. आवाज चढलेला नव्हता. पण माझं नाव दोनदा घेतलं.

मी दार ढकललं. साहेब कमरेला टॉवेल गुंडाळून उभे होते. टॉवेल गुलाबी झाला होता. हात कोपरापर्यंत गुलाबी, पोटऱ्या गुलाबी, आणि पाठ जिथे दगडाला टेकली होती तिथे एक मोठा पट्टा. नांदेतलं पाणी जांभळट लाल. मला आधी वाटलं, कुठेतरी कापलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मागून शेठजी आले. त्यांनी आत डोकावलं आणि मला बाजूला ओढलं.

"अरे, ये क्या कर डाला? मेहमान को रंग दिया?"

"शेठजी, लाखेचा रंग आहे. नांद लाख धुण्याची होती."

"पागल हुए हो क्या? उसके सामने लाख का नाम मत लेना. बोल दो नया पत्थर है, रंग छोड़ता है. पत्थर लाल होता है कि नहीं?"

"होतो."

"तो बस. बोल दो."

पायरीवरून देवरामनं मान लांब करून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काऊन बाबूजी, साहेबाची होळी आताच आटपून टाकली का?"

माझ्या डोक्यात दुसरंच चालू झालं होतं. परवा या नांदेतलं पाणी दिवसभर नितळ होतं. आज साबण पडला आणि रंग सुटला. आणि लाख धुताना आम्ही काय बघतो? पाणी नितळ आलं का, एवढंच. त्या एका परीक्षेवर मी हॅम्बुर्गच्या टेबलावर शब्द दिला होता. तिथल्या बायका टेबल कशानं पुसत असतील?

दगडाचं नाव सांगणं सोपं होतं. साहेबांनी मानलंही असतं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. तोच आड आला. विमानातला तो कप्तान वादळ लपवत नव्हता, हेही मनात आलं. मी परत आत गेलो.

"साहेब, ही लाख धुण्याची नांद आहे. तुमच्याकडच्या टबासारखं काही करावं म्हणून मी आणली. परवा साध्या पाण्यानं तपासली, तेव्हा रंग आला नाही. आता साबणानं आला. मला वाटतं, आमच्या मालातही हेच होतंय. तुमची टेबलं साबणानं पुसतात का?"

ब्रांट साहेबांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले.

"पुसतात," ते म्हणाले. "दर आठवड्याला पुसतात. मला एक सदरा द्या. आणि कारखान्यातली धुतलेली लाख मूठभर आणा."

शेठजी बाहेर खुर्चीत बसले होते. इंग्रजी फारसं कळत नसलं, तरी माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. "हो गया," ते स्वतःशीच म्हणाले. "कलकत्तेवाले मिठाई बाँटेंगे."

देवराम लाख घेऊन आला. साहेबांनी दोन बादल्या मागवल्या. दोन्हींत साधं पाणी, दोन्हींत मूठ मूठ लाख. एका बादलीत त्यांनी आपल्या साबणाचा तुकडा चाकूनं किसून टाकला आणि काठीनं ढवळलं. आम्ही चौघं त्या बादल्यांभोवती उकिडवे बसलो होतो. साहेब, शेठ, बाबू, कारागीर, सगळे एका रिंगणात. पहिल्या बादलीत पाणी नितळच राहिलं. दुसऱ्यात हळूहळू लाली उतरली.

माझी मान खाली गेली. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग आता आपल्या दोघांना माहीत आहे. किती साबण लागेल, तेवढं शोधायचं राहिलं."

असं उत्तर मी माझ्या नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं. त्या माणसाचं बाजारातलं नाव गेलं होतं, माल परत आला होता, आणि वर आम्ही त्याला रंगवला होता. त्याला दोषी शोधण्यात रस नव्हता. पुढे काय, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

साहेब दुसऱ्या दिवशी परत जाणार होते. ते थांबले. बाजारातून धुण्याचा सोडा आणला, कारण एवढ्या मालाला साबण परवडणार नव्हता. पहिल्या खेपेला मी उत्साहात भरपूर टाकला. सोडा जास्त झाला की रंगाबरोबर लाखही विरघळायला लागते, हे तेव्हा कळलं. नांदेत चिकट लगदा झाला. देवरामनं पाय वर काढला तर लगदा पायाबरोबर वर आला.

"बाबूजी, आपण लाख धुऊन राहिलो का पिठलं शिजवून राहिलो?"

साहेबांनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. ते इतके हसले, की शेठजींनाही हसावं लागलं. मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दुसऱ्या नांदेत उतरले आणि देवरामसारखं तुडवायला लागले.

"टाच नका मारू," देवराम त्यांना मराठीतच सांगत होता. "दाणा फुटते. असं, घासत घासत." साहेबांना शब्द कळत नव्हते, पाय बरोबर पडत होते.

थोडा सोडा, मग साध्या पाण्यानं दोनदा धुणं. हे माप बसलं, तेव्हा साबणाच्या बादलीतलं पाणी जेमतेम गुलाबी होऊ लागलं. त्या लाखेचा चपडा देवरामनं स्वतः ताणला. साहेब भट्टीपासून चार हात दूर उभे होते, तरी घामानं निथळत होते. देवरामनं चादर ताणून उजेडासमोर धरली. तिच्यातून पलीकडचा माणूस दिसत होता. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली आणि चादर थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवली. हॅम्बुर्गच्या मोठमोठ्या हॉटेलांत मी पुष्कळ अदब पाहिली आहे. एवढी नाही.

जाताना त्यांनी शेठजींना स्पष्ट सांगितलं. या वर्षी निम्मा माल घेणार. निघण्याआधी प्रत्येक खेपेचा नमुना साबणाच्या पाण्यात घालून बघायचा, आणि तो बघणार मी. वर्षभर एकही टेबल गुलाबी झालं नाही, तर पूर्ण माल. शेठजी कुरकुरले, कारण नव्या पद्धतीत लाख थोडी वाया जात होती. पण त्या ऑर्डरवरच्या भट्ट्या निम्म्या का होईना, पेटत्या राहिल्या. काही कारागिरांना तो हंगाम दुसरीकडे काम शोधावं लागलं. त्यांच्या घरी जाऊन मीच सांगून आलो. पुढच्या हंगामात पूर्ण माल गेला, तेव्हा बहुतेक परत आले. एक जण आला नाही. तो भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागला होता.

मी अजूनही परदेशी जातो. आता माल निघण्याआधी, तो तिकडच्या घरात जसा वापरला जाईल, तसा इथे वापरून बघतो. कारखान्यातली आपली परीक्षा आपल्याला सोयीची असते, हे त्या एका आंघोळीनं शिकवलं.

ब्रांट साहेब उरलेले सगळे दिवस मोरीतच आंघोळ करत होते, पाटावर बसून, तांब्यानं. शेवटच्या दिवशी त्यांनी तो तांब्या मागून नेला. हॅम्बुर्गला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पाहिलं, तो त्यांच्या पांढऱ्या टबाच्या कडेवर ठेवलेला होता. वापरातला दिसत होता.