देवासाठी राखलेला पदर

आमच्या गावात सुनेच्या डोक्यावरचा पदर सुनेचा नसतो. तो सासऱ्याचा असतो, थोरल्या दिराचा असतो, पारावर बसून पान चघळणाऱ्या कुणाही म्हाताऱ्याचा असतो. समोरून वडीलधारं माणूस आलं की डोक्यावर घागर असो नाहीतर कडेवर पोर, एका हातानं पदर कपाळाखाली ओढायचा, बाजूला सरायचं आणि तो पुढं जाईपर्यंत थांबायचं. सोनपेठहून येणाऱ्या एसटीतसुद्धा हे चालतं. बाईला कपाळ असतं हे मला शाळेतल्या मॅडमकडं बघून कळलं, असं म्हटलं तरी चालेल.

माझी मायही असाच पदर ओढायची. वडील ऊसतोडीच्या हंगामात तापानं गेले. तिथल्या पाचटाच्या कोपीत शेजारची एक तोडकरीण मायजवळ बसून प्रार्थना करायची. गावी परत आल्यावर माय दर रविवारी सोनपेठला प्रार्थनेला जाऊ लागली. बाजारामागं पत्र्याची एक खोली होती, तिथं पास्टर उपासना घ्यायचे. वडिलांचे वडील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, त्यांनी काही अडवलं नाही. विधवा सून आठवड्यातून एकदा देवदेव करते, करू दे बापडी, असा त्यांचा हिशेब होता.

त्या खोलीत शिरताना पुरुष डोक्यावरची टोपी काढायचे आणि बाया पदर घ्यायच्या. पास्टर समजावून सांगायचे. हा पदर लाजेचा नाही, मानाचा आहे. प्रार्थनेच्या वेळी देवाचे दूत आपल्यामध्ये उभे असतात. बाई डोकं झाकते तेव्हा ती सांगत असते की माझ्यावर देवाचा हात आहे. बोलायचे फार गोड. बाकीच्या बाया ऐकून घरी जायच्या आणि सोमवारी सासऱ्यासमोर तोच पदर ओढायच्या. माझ्या मायनं मात्र ते खरं मानलं. तिची चूक म्हणायची तर एवढीच.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण डोकं सरळ चालायचं. जे देवासाठी करायचं, ते माणसासाठी कसं करायचं? आपण देवापुढं हात जोडून गुडघे टेकतो, म्हणून काय तलाठ्यापुढं टेकतो का? मग पदर तरी का? तिनं ठरवून टाकलं. प्रार्थनेला बसली की पदर कपाळापर्यंत, डोळे मिटलेले. प्रार्थना संपली की पदर खांद्यावर, आणि मग समोर कुणीही येवो.

आबांच्या लक्षात आलं ते चारचौघांत. ते ओट्यावर गावातल्या दोघातिघांबरोबर बसले होते आणि माय कळशी घेऊन समोरून आली. डोकं उघडं. चालही रोजचीच, घाई नाही की ठसका नाही. आबांनी विचारलं, "कुणाची सून हाय रं ही? डोक्यावर पदर न्हाई?"

माय थांबली. कळशी खाली ठेवली. म्हणाली, "मामंजी, तुमचा मान माझ्या मनात हाय. पर पदर देवाला दिलाय. त्यो आता दुसऱ्या कुणाला देता यायचा न्हाई."

बसलेल्यातला एकजण हसला. ते हसणं आबांना आयुष्यभर पुरलं. त्या दिवसापासून त्यांनी मायच्या हातचं पाणी प्यायचं सोडलं. एकाच अंगणात दोन चुली झाल्या. माझी आत्या माहेरी आली की आमच्या दारावरून तोंड फिरवून जायची. माय रोज सकाळी आबांच्या पाया पडायला जायची, उघड्या डोक्यानं, आणि आबा पाय मागं घ्यायचे. मला इतका संताप यायचा! मी म्हणायचे, नको जाऊस. ती म्हणायची, "मी मान सोडला न्हाई, फकस्त पदर सोडला."

हे सगळं एक वेळ मी समजून घेते. आबांना देवदूतांचं कुणी सांगितलं नव्हतं. पण आबा तक्रार घेऊन सोनपेठला गेले आणि पास्टरांनी त्यांना चहा पाजला, ते मात्र मला कधीच समजून घ्यायचं नाही. पास्टरांना आमच्या गावात प्रार्थना सुरू करायची होती आणि गावात आबांचा शब्द चालायचा. पुढच्या रविवारी उपदेश झाला: बहिणींनो, घरच्या वडीलधाऱ्यांसमोरही पदर ठेवा, नाहीतर लोकांसमोर आपल्या विश्वासाची साक्ष बिघडते. नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळ्या माना मायकडं वळल्या होत्या.

परतीच्या एसटीत माय खिडकीतून बाहेर बघत बसली. सोनपेठ मागं पडल्यावर म्हणाली, "पास्टरलाबी पोट हाय." तिनं रविवार चुकवला नाही आणि पदरही पुन्हा माणसांना दिला नाही. पास्टरांनी त्यानंतर तिला देवानं काय केलं त्याची साक्ष द्यायला कधी उठवलं नाही. ती मागं दाराजवळ बसायची, चपलांच्या शेजारी.

मी तेव्हा वाचायला शिकले होते आणि संध्याकाळी तिला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचे. त्यात एका संदेष्ट्याची गोष्ट होती. तो डोंगरावर देवाशी बोलून खाली आला की त्याचं तोंड इतकं उजळलेलं असायचं की लोकांना सोसायचं नाही, म्हणून तो लोकांसमोर तोंडावर कपडा घ्यायचा आणि देवासमोर गेला की काढायचा. मी तिला डिवचलं, "माय, हे तर तुझ्या उलटं झालं की!"

मला वाटलं, जिंकले. पण ती म्हणाली, "त्यो समोरासमोर बोलायचा ना? मला अजून कुठं दिसलाय देव? दिसंल तवा काढीन."

मग ती आजारी पडली. परभणीच्या दवाखान्यातून घरी पाठवलं तेव्हा काय ते तिला कळलं होतं. तिनं माझा हात धरून एकच गोष्ट मागितली. "मला पुरताना डोकं उघडं ठिव. तिथं पदर कशाला? आता समोरच चालले." तिनं आयुष्यात माझ्याकडं दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही.

ती गेली. आपल्याच शेताच्या कडेला पुरायचं ठरलं. मी तिचे केस विंचरले, भांग पाडला, पदर खांद्यावरून नीट घेतला. तिचं कपाळ केवढं मोठं होतं! अंगणात लोक जमले, पास्टर आले. तेवढ्यात दोघांच्या आधारानं आबा आले आणि आत्यानं पुढं होऊन मायचा पदर नाकापर्यंत ओढला. मेलेल्या सुनेनंसुद्धा सासऱ्यासमोर पदर घ्यावा म्हणून! मी तो मागं सारला. आत्या ओरडली, "आबा आलेत, लाज हाय का तुला?"

आबा मायकडं बघत उभे होते. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडं असं बघितलं नव्हतं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जित्तेपणी न्हाई झाकलं तिनं. आता कशाला झाकायलाव?"

आत्या मागं झाली. मला वाटलं, झालं. मायचं मागणं पुरं झालं, आणि तेही आबांच्या तोंडून. मी आबांचे पाय धरणार होते.

तेव्हा पास्टर वाकले. दोन बोटांत त्यांनी पदराची कड धरली आणि मायच्या कपाळावरून डोळ्यांवर आणली. मी म्हटलं, "पास्टरसाहेब, तिची इच्छा होती. ती आता समोर चालली आहे." ते हळू आवाजात म्हणाले, "शास्त्र मला माहीत आहे, बाई. गाव बघतंय." मी पुन्हा हात पुढं केला तर बायांनी मला मागं ओढलं. पास्टरांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. प्रभूच्या मरणानं मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, आता देव आणि माणूस यांच्यामध्ये काही आड राहिलं नाही, त्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. लोक आमेन म्हणाले. मग शेताच्या कडेला नेऊन माती लोटली.

सेलूला आता माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. मशीनवर दिवसभर दुसऱ्यांचे पदर शिवते, तेव्हा काही वाटत नाही. पण संध्याकाळी दार लावून प्रार्थनेला बसते, डोक्यावर पदर घ्यायला हात वर नेते आणि कड चिमटीत आली की मला ती दोन बोटं दिसतात. हात खाली येतो. देवाला काय म्हणायचं ते आठवत नाही. मग मी उठते आणि भाकरी टाकायला घेते.