बाबांची जीप आणि वहिनीचा हट्ट

आज चांदूर बाजारला माहेरी गेले होते. अकोल्याला परतले तरी तिथलं दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

दोन वर्षांपूर्वी बाबांची जुनी जीप बांधावरून उलटली आणि बाबा गेले. दादाने ती विकली नाही. गेले काही दिवस तो घरीच सीटमागे रोल बार बसवत होता. म्हणजे जाड पाइपची कमान. जीप उलटलीच तर भार तिने घ्यावा, माणसाने नाही. आज पूजा करून तो लेकीला फिरवून आणणार होता.

वहिनीने नारळ हातातच धरला. "आधी हे कमान ट्रॅक्टरनं वढून पाहा."

"काहून? तुले माह्यावर भरोसा नाही काय?"

"हाय ना. पन पोरगी बसनार हाय यात."

"घ्या, इंजिनीअर बाई आल्या!" म्हणत दादाने साखळी बांधली.

ट्रॅक्टर जरासा पुढे गेला आणि अख्खी कमान तळाच्या पत्र्यासकट उचकटून आली. वेल्डिंग शाबूत होतं. पण बोल्ट चेसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ लोखंडी सांगाड्याला नव्हते, नुसत्या गंजक्या पत्र्याला होते.

दादा मटकन खाली बसला. "चेसिसले भोक पाडाले हात नाही झाला माहा. बाबाची जीप हाय ते."

वहिनी त्याच्याजवळ बसली. "बाबाच असते तं पयले त्यायनंच पाडलं असतं."

दोघंही रडत होते. मी पोरीला घेऊन आत गेले. थोड्या वेळाने अंगणातून ड्रिलचा आवाज आला.

गेलेल्या माणसाची वस्तू तुम्ही कधी बदललीत का? हात कसा झाला?