पहिल्या कमानीपाशी काढलेले बूट

अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यूच्या घरातलं कपाट आवरताना आज आईचे पांढरे बूट सापडले. तिच्या गुडघ्यांसाठी मीच हौसेने घेतलेले. आम्ही दोघींनी जपानमध्ये क्योतोच्या देवळांची एक दिवसाची टूर केली, तेव्हा तिच्या पायात हेच होते.

शेवटचं देऊळ डोंगरावर होतं. पायथ्यापासून वरपर्यंत केशरी कमानी, एकीला लागून एक. “चढण फार आहे. तुमच्या आईंनी खाली बाकावर बसलेलं बरं,” गाइड मला म्हणाली. मी सांगायला वळले, तर आई पहिल्या कमानीपाशी बूट काढत होती.

“आई, इथे काढत नाहीत गं,” मी कुजबुजले.

“देवाच्या दारात आलेय. बाकावर बसायला नाही.”

लोक बघत होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं. ती मात्र गार दगडांवर अनवाणी पाय टेकवत चढत राहिली. ओल्या लाकडाचा वास येत होता. अर्ध्या वाटेवर मीच धापा टाकत बसले. वर पोचले तेव्हा आई कमरेवर हात ठेवून सगळं शहर बघत होती.

उतरलो तेव्हा बूट कुणीतरी नीट जोडीने, पाय सरळ आत जातील असे फिरवून ठेवले होते. शेजारी गाइड उभी होती. ती आईपुढे कमरेतून वाकली.

ते बूट आज मी हॉलमध्ये, सगळ्यांना दिसतील असे मांडले. लेकीने विचारलं, “आजी हे घालून माउंटन चढली?”

“नाही,” मी म्हटलं. “काढून.”