सांडपाण्याची बाटली

मी जात्याच उतावळी. नगरपंचायतीची नोटीस आमच्या शेडच्या दारावर डकवली, तेव्हा ती पुरती वाचायच्या आधीच मी भांडायला निघाले होते. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की पायात चपला नाहीत. परत आले, चपला घातल्या, नोटीस वाचली आणि मग रीतसर भांडायला गेले.

शेड म्हणजे मोखाड्याच्या खालच्या आळीतली पत्र्याची लांबट खोली. आम्ही बचत गटाच्या आठ बायका तिथे नाचणीचं, म्हणजे आमच्याकडच्या नागलीचं, सत्त्व आणि पापड करतो. नागली तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशीचं पाणी तांबूस, फेसाळ आणि असं आंबलेलं असतं की नवख्या माणसानं नाकाला पदर लावावा. ते आम्ही बादल्या भरभरून दारापुढच्या गटारात ओतत होतो. पुढे उतारावर त्याचा साका साठायचा, गटार तुंबायचं आणि बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या आमच्या नावानं बोटं मोडायच्या. मोडेनात का, आम्हाला ऐकू येत नव्हतं.

नोटिशीत लिहिलं होतं की कुठल्याही धंद्याचं पाणी सार्वजनिक गटारात सोडायचं तर आता परवानगी लागेल. पाणी आंबट नको, तेलकट नको, खाली गाळ बसेल असं नको. टाकी बांधा, पाण्याचा नमुना नाशिकच्या प्रयोगशाळेतून तपासून आणा. नाहीतर तुमची मोरी सिमेंटनं बुजवू.

स्वच्छता निरीक्षक जव्हारकडच्या शेतकरी घरातला, तरुण, हळू आवाजात बोलणारा. मी त्याला विचारलं की शहरांत रंगाचे कारखाने नद्या लाल-निळ्या करतात, ते दिसत नाहीत आणि आमची नागली बरी दिसली? त्यानं मला पाणी दिलं, बसवलं आणि सांगितलं की नियम रंग की नागली असं विचारत नाही, गटारात गेल्यावर पाणी काय करतं तेवढंच विचारतो. मागच्या आठवड्यात तुंबलेलं गटार उपसलं तेव्हा खोऱ्याला लागलेला गाळ त्यानं स्वतः हुंगला होता. हे ऐकून मला जास्तच राग आला. पण खोटं कशाला बोलू, घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात टाकीचा नकाशा तयार झाला होता. आपल्या शेडला टाकी! कारखान्यासारखी!

टाकी आम्हीच खणली. तीन कप्पे, मध्ये वाळू, खडी आणि कोळसा. सगळ्यांत जास्त खणली ती वांगणीच्या मावशीनं. नात्यानं मावशी कुणाचीच नाही, वयानं सगळ्यांची. नवरा गेल्यापासून ती दरवर्षी भात कापून झालं की मुकादमाच्या जीपमध्ये बसून भिवंडी-ठाण्याकडे बांधकामावर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. गेल्या वर्षी शेड सुरू झाली आणि ती पहिल्यांदा गेली नाही. मोखाड्यातच भाच्याच्या पडवीत राहिली. तिचा एक हात आता खांद्याच्या वर जात नाही. शेड बंद पडली तर मला पापड विकायला दुसरीकडे जागा मिळाली असती. मावशीला परत त्याच जीपमध्ये बसावं लागलं असतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिला नमुना आमचा आम्ही न्यायचा होता. प्रयोगशाळेची पांढरी, जाड बाटली आली. आतलं काही दिसत नाही अशी. सकाळी मी टाकीच्या शेवटच्या कप्प्यातून ती भरली, गटाचं नाव लिहिलेली चिठ्ठी वर चिकटवली आणि मावशीला म्हटलं, ही नीट बांधून ठेव, थंड ठेवायला मी मासळीवालीकडून बर्फ आणते. परत आले तर बाटली ओल्या फडक्यात अशी सुबक बांधलेली, की लग्नात द्यावी. ती मांडीवर घेऊन मी नाशिकची एसटी धरली. घाटातल्या प्रत्येक वळणावर मी तिला तान्ह्या पोरासारखं सावरत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, मध आहे का? मी म्हटलं, सांडपाणी. ती खिडकीकडे सरकली.

अहवाल आला आणि मी नगरपंचायतीच्या ऑफिसातच टाळी वाजवली. सगळं मर्यादेत! सगळं म्हणजे सगळं! निरीक्षकानं मला नाचू दिलं. मग म्हणाला, "ताई, एवढं स्वच्छ पाणी माझ्या घरच्या नळालाही येत नाही. तुमचं सांडपाणी कुठे आहे?"

खोटा नमुना दिला तर अर्ज रद्द, हे नोटिशीत खाली बारीक अक्षरात होतं आणि ते मात्र मी वाचलेलं होतं. तरातरा शेडवर गेले. सातही जणींना उभं केलं. कुणी हात लावला बाटलीला? मावशी नागली पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मी बदलला पानी," ती म्हणाली. "बाटलीवर आपला नाव. सरकारच्या घरी जावाची. पाव्हन्याच्या हातात असा घान पानी कोन देतो, बाय? मी ओतून टाकला न हंड्यातला झऱ्याचा भरला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला खूप बोलले, नको तेही बोलले. तुझ्यामुळे आठ घरं बुडणार, असंही म्हणाले. ती सूप उचलून पुन्हा पाखडायला लागली आणि त्या आवाजानं मला लाज वाटली. तिच्या वांगणीच्या घरी झऱ्यावरून हंडा आणायला चढण चढावी लागायची. दारात आलेल्याला तांब्यातलं वरचं, निवळलेलं पाणी द्यायचं आणि तळाचं आपण प्यायचं, हे ती आयुष्यभर करत आली होती. तपासायला वाईटच पाणी द्यायचं असतं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, नीट.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकाला जाऊन सगळं खरं सांगितलं. तो खिडकीकडे वळला, खांदे हलत होते. मला वाटलं संतापला. तो हसू दाबत होता. मग गंभीर होऊन म्हणाला की अर्ज तो इतक्यात रद्द करणार नाही, पण आता न सांगता येईल आणि स्वतः नमुना घेईल.

आणि मग मला पहिल्यांदा कळलं की आमचं खरं पाणी कसं आहे, हे आम्हाला माहीतच नाही! हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून कागदी पट्ट्या मागून आणल्या. पाण्यात बुडवली की आंबट असेल तर पट्टी केशरी होते, ठीक असेल तर हिरवी. आमची झाली केशरी. टाकी, वाळू, कोळसा, सगळी मेहनत आणि पट्टी केशरी. गाळ अडत होता, आंबटपणा जात नव्हता.

उपाय मावशीनंच काढला, तोही माझ्याकडे न बघता. तिसऱ्या दिवशीचं पाणी गटारात सोडायचंच कशाला, तिच्या माहेरी ते गुरं प्यायची. त्या दिवसापासून संध्याकाळी खालच्या आळीतली माणसं कॅन घेऊन रांगेत उभी. म्हशी आमच्या पाण्यावर तुटून पडायच्या. पहिल्या दोन दिवसांचं पाणी तेवढं टाकीत जायचं आणि मधल्या कप्प्यात आम्ही चुनखडीचे खडे टाकले. रोज सकाळी आठ डोकी टाकीवर वाकलेली. एके दिवशी पट्टी पिवळी झाली. दोन दिवसांनी पिवळ्यावर हिरवट झाक आली आणि मी अशी ओरडले की समोरचा पानवाला धावत आला, कुणाला साप चावला म्हणून. सोन्याची नथ मिळाल्यावरही मी एवढी हरखले नसते!

निरीक्षक आला तो नेमका आम्ही जेवायला बसलो असताना. स्वतः बाटली भरली, स्वतः सील केली, स्वतः घेऊन गेला. मावशी भिंतीला टेकून बघत राहिली. तो गेल्यावर तिनं मला विचारलं, तोच पानी नेला का, टाकीतला घान? मी हो म्हटलं. तिनं मान हलवली. मी इतकी फुशारले होते की त्या मान हलवण्यात काय होतं ते मला दिसलं नाही.

अहवाल आला त्या सकाळी मावशी शेडवर आली नव्हती. निरीक्षकानं कागद पुढे केला आणि या वेळी तोच आधी हसला. सगळं मर्यादेत, अगदी काठावर, पण मर्यादेत. परवानगी मंजूर. मी धावत शेडवर आले तर बाकीच्या जणी म्हणाल्या, मावशी स्टँडवर गेलीय, आज मुकादमाची जीप आहे. घाण पाणी कुठल्या परीक्षेत पास होतं, असं म्हणून गेली.

मी पळाले. चाळिशी उलटलेली बाई पदर खोचून बाजारातून पळते, हे मोखाड्यानं पाहिलं, पाहू दे. जीप सुरू झालेली होती. मावशी मागच्या बाकावर, मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली. मी दांडा धरला आणि कागद तिच्यापुढे नाचवला. तिला वाचता येत नाही, मला धापेमुळे बोलता येत नव्हतं.

"पास झालं," मी कसंबसं म्हटलं.

"कनचा पानी? झऱ्याचा?"

"नाही मावशी. टाकीतलं. आपलं."

"आपला घान पानी?" तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तोच, जसा हाय तसा?"

"जसा हाय तसा."

मुकादम पुढून ओरडला, मावशी, बैठो, टाइम होतोय. तिनं तिकडे पाहिलंही नाही. गाठोडं आधी माझ्या अंगावर टाकलं, मग माझ्या खांद्याला धरून एक एक पाय खाली ठेवत ती जीपमधून उतरली.