आतल्यांना कुणी किती सांगितले

सून पुण्याच्या कंपनीचं काम खासबागच्या आमच्या घरातून करते. सॉफ्टवेअरचे सुटे तुकडे जोडून एक सबंध वस्तू तयार करायची, त्याला ती बिल्ड म्हणते. त्या आठवड्यात बिल्ड लावलं की तिचा कॉम्प्युटर अडकायचा. साहेबांनी सांगितलं होतं, गुरुवारी चारपर्यंत घरून झालं नाही तर पुढच्या महिन्यापासून पुण्याला येऊन बसा. ती गेली की दीड वर्षाची नातही जाणार. नातीमागं फिरून दिवस कधी संपतो असं मला होतं, पण ती जाणार म्हटल्यावर तिला मांडीवरून खाली ठेववेना.

गुरुवारी दुपारी पुन्हा पंखा घरघरला आणि स्क्रीन थांबली. मुलगा जेवत होता.

"ह्या कॉम्प्युटरला आठच कामं एकदम चालव म्हणून सांगितलंय. आठ तर हे सहज ओढतंय," सून म्हणाली.

"तुझ्यासंगं राहून दमलं असंल," मुलगा म्हणाला.

"तुम्ही जेवा गप. एकेका कामाच्या पोटात आणि कामं असतात. तुम्हाला काय कळतंय!"

पोटात आणि कामं, हे ऐकून मला माहेरची भातकापणी आठवली. आप्पांनी मला आठ बायका सांगून यायला पाठवलं होतं. मी आठ घरी "कापणीला या" एवढंच सांगितलं. प्रत्येक घरातून सासू, सुना, जावा, सगळ्या आल्या. विळा फिरवायला जागा उरली नाही. दुपारपर्यंत "सरक गं, सरक गं" एवढंच चाललं होतं.

सून शिकलेली. तिला काही सांगायचं म्हणजे माझी जीभ उचलत नाही. मी नातीला म्हटलं, "बाळे, आईला इचार, आतल्यास्नी किती जण आणा म्हणून सांगितलंय?"

सून वळली. "काय म्हणालासा आत्ती?"

"काय न्हाय गं. हिला म्हणाले."

तिनं एक फाइल उघडली, मग दुसरी. आतल्या प्रत्येक कामाला तिनंच वेगळे आठ लिहून दिले होते. "आठ आठं चौसष्ट! लई खुळी मी."

मग भीतभीत मी कापणीचं सांगितलं. ती हसली, पण माझ्यावर नाही. आतले आकडे पुसत म्हणाली, "आता बांधावर आठच विळे, आत्ती. आतल्यानंबी त्यातलाच उचलायचा, झालं की परत ठेवायचा. विळा न्हाय, तर थांबायचं."

साडेतीनला बिल्ड झालं. साहेबांशी बोलून तिनं फोन ठेवला. "हितंच राहायचं, आत्ती!" नातीला माझ्या मांडीवर देऊन ती सकाळपासून झाकून ठेवलेलं ताट घेऊन बसली.

मला आनंद झाला. तरी खरं लिहिते, त्याच्या पाठोपाठ उद्याची सकाळ डोळ्यापुढं आली आणि वाटलं, घटकाभर आडवं व्हावं. तेवढ्यात नात मांडीवरून उतरून जिन्याकडं पळाली. मी उठले.