पाच वितींची कबर

सुट्टीत मुलांना गावाबाहेरच्या सुलतानांच्या कबरी दाखवायला नेलं. मोठ्या घुमटाखाली दोघांनी ओरडून ओरडून आवाज घुमवला आणि मग बाहेरच्या ओट्यावर त्यांना एक अगदी लहान कबर दिसली. धाकटीने ती वितीने मोजली. पाच विती भरली.

“सुलतानाचं लेकरू आहे,” राखणदार म्हणाला. “नाव कुणाला ठाऊक नाही.”

थोरल्याने चपला काढल्या. धाकटी कबरीवरचा पाला हलक्या हाताने वेचू लागली.

मी जरा लांबच उभी राहिले. आमच्यात इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि वर काही खूण ठेवत नाहीत. या दोघांच्या आधी मला एक मुलगी झाली होती. तीन दिवस जगली. मी दवाखान्यातच होते. सासरे तिला दुपट्यात गुंडाळून ओढ्याकडे घेऊन गेले. पुढे एकदा मी जागा विचारली, तर खाली बघत म्हणाले, “विचारू नये, पोरी.” आता तेही नाहीत. ओढ्याकाठी गेले की मी अजून पाऊल जपून टाकते.

“याची आई कुठंय?” धाकटीने विचारलं.

राखणदाराने शेजारच्या मोठ्या कबरीकडे बोट दाखवलं. “ही. नवऱ्याच्या घुमटात नको, मला इथंच ठेवा, असं सांगून गेली म्हणतात.”

मी त्या कबरीपाशी जाऊन बसले. तिला जागा माहीत होती.